माप माणसाचं घ्यायचं

ज्या माणसाच्या चुकीमुळे मी साडेतीन महिने पालथी पडून काढले, त्या माणसाबद्दल मला लिहायचं आहे. चांगलंच लिहायचं आहे. आमच्या आईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "लिही. पण जे झालं ते सगळं लिही, गुळमुळीत नको." म्हणून सगळं लिहिते.

सलाउद्दीन शेख हे त्यांचं नाव. द्वारका चौकातून आडगाव नाक्याकडे जाताना गॅरेजांची एक रांग लागते. त्या रांगेत त्यांचं गाड्यांच्या सीटा शिवायचं दुकान आहे. रिक्षा, टेम्पो, ट्रक, कधी एखादी कार. वडिलांच्या हाताखाली वयाच्या चौदाव्या वर्षी सुई धरली, ती अजून सुटलेली नाही. उंच, जरा वाकलेले, बोलायला हळू. मराठी आपल्यासारखंच बोलतात, फक्त मनाला लागलेलं काही बोलायचं असलं की हिंदीत शिरतात. ड्रायव्हर लोकांमध्ये त्यांचं नाव होतं. निफाडची द्राक्षं घेऊन थेट कोलकात्याला जाणारे ट्रकवाले त्यांच्याकडून सीट करून घेत, कारण तीन दिवस चालवलं तरी कंबर धरत नाही म्हणत.

मी सुमेधा गायधनी. पंचवटीत हिरावाडीत राहते, एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. २०१६ साली त्र्यंबक रोडला माझ्या स्कूटीला अपघात झाला, मणक्याला मार बसला आणि तेव्हापासून मी व्हीलचेअरवर आहे. कमरेखालचं मला काही हलवता येत नाही आणि तिथलं काही कळतही नाही. हलत नाही हे लोकांना दिसतं. कळत नाही हे दिसत नाही. मांडीवर गरम चहा सांडला तर मला तो वाफ पाहून समजतो.

माझ्या खुर्चीवरची गादी तीन वर्षांत बसून बसून पापडासारखी झाली होती. माझा धाकटा भाऊ तनय एकदा गाडीची सीट दुरुस्त करायला सलाउद्दीनभाईंकडे गेला होता. त्यांचं काम पाहून त्याच्या डोक्यात आलं, ताईची गादी हेच का करणार नाहीत? फेब्रुवारी २०१९ मध्ये तो माझी खुर्ची गाडीत घालून दुकानात घेऊन गेला. मी तेव्हा घरी पलंगावर होते. सलाउद्दीनभाईंनी खुर्चीचं माप घेतलं, लांबी, रुंदी, जाडी. "कोण बसणार?" असं विचारलं. तनय म्हणाला, "बहीण." एवढ्यावर ते थांबले. परक्या बाईबद्दल आणखी काय विचारणार?

चार दिवसांनी गादी आली. काय देखणी होती! मरून रंगाचं रेक्झिन, कडेने पांढरी पायपिंग आणि मधोमध शिवणीचे दोन छान उभे पट्टे. आत ट्रकच्या सीटचा कडक फोम. त्यांना वाटलं, दिवसभर बसणाऱ्या माणसाला मऊ फोम नको, तो दबतो. कॉलेजात सगळ्यांनी कौतुक केलं. आमच्या ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "सुमेधा, अगदी मर्सिडीज झाली की तुझी."

मार्च लागला आणि बारावीचे पेपर तपासायला आले. एरवी मी दर वीस-पंचवीस मिनिटांनी दोन्ही हातांवर जोर देऊन अंग उचलून धरायचे. हॉस्पिटलात शिकवलेलं होतं ते. पण पेपरांचे गठ्ठे समोर असले की वेळेचं भान राहत नाही. एके दिवशी मी सकाळी नऊला बसले ती संध्याकाळी साडेसहाला उठले, आणि मध्ये चारदा सुद्धा अंग उचललं नसेल. तेव्हा चूक फक्त गादीची नव्हती. हे मी आधीच कबूल करते, कारण सलाउद्दीनभाई ते कधी मान्य करत नाहीत.

दुसऱ्या दिवशी अंघोळ घालताना आईला उजव्या बाजूला रुपयाएवढा लाल डाग दिसला. बरोबर शिवणीच्या रेषेवर. "घामोळं असेल," मी म्हणाले. पेपर संपवायचे होते. पाचव्या दिवशी तिथलं कातडं काळं पडलं, आठव्या दिवशी फुटलं. डॉक्टरांनी पाहिलं तेव्हा वरून नाण्याएवढी दिसणारी जखम आत थेट हाडापर्यंत गेलेली होती. बेडसोअर. ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे त्यांना या शब्दाची भीती मी सांगायला नको. ताप चढला, रक्तात जंतू गेले, ऑपरेशन झालं. मांडीचं मांस वळवून तिथे लावलं. आणि मग पालथं. जेवण पालथं, झोप पालथी. वाचायचं ते फरशीवर पुस्तक ठेवून.

तनयने मधल्या काळात ती गादी उचलली आणि दुकानात जाऊन सलाउद्दीनभाईंच्या समोर आपटली. काय काय बोलला ते त्याने मला नीट सांगितलेलं नाही. एवढं कळलं, की ते एक शब्दही उलट बोलले नाहीत. फक्त विचारलं, "ताई कुठल्या दवाखान्यात आहेत?"

त्याच संध्याकाळी ते आले. बायकांच्या वॉर्डात त्यांना सोडेनात. ते जिन्यात उभे राहिले आणि त्यांची बायको अनवरीभाभी आत आल्या. ठेंगणी, चपळ, बुरख्याच्या बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. मला कुणाशीच बोलायचं नव्हतं, त्यांच्याशी तर नाहीच.

"ते बाहेर आहेत," अनवरीभाभी म्हणाल्या. "माफी मागायची म्हणतात. आणि एक विचारायला सांगितलंय."

"काय?"

"गादी नेमकी कुठं टोचत होती?"

मी इतकी चिडले की हसूच आलं. म्हटलं, "त्यांना सांगा, टोचत नव्हती. मला काही टोचतच नाही. टोचलं असतं तर मी इथे कशाला आले असते?"

भाभी बाहेर गेल्या. मी मान वळवली, काचेच्या दारातून मला जिना दिसत होता. त्यांनी नवऱ्याला माझं बोलणं सांगितलं आणि तो उंच माणूस तिथल्या पायरीवर खाली बसला.

त्या पायरीवर त्यांच्या मनात काय चाललं होतं ते त्यांनी मला नंतर कधीतरी सांगितलं. "ताई, बावीस वर्षं मी धंदा केला तो गिऱ्हाइकाच्या तक्रारीवर. ड्रायव्हर येतो, म्हणतो, इथं टोचतंय. मी तिथं कापतो. परत येतो, म्हणतो, आता बरंय. मला वाटायचं मी कारागीर आहे. त्या दिवशी समजलं, कारागीर तो ड्रायव्हर होता, मी नुसता कापणारा. ज्याला तक्रारच करता येत नाही, त्याची सीट मला येत नव्हती."

यावर दुसरा कुणी म्हणाला असता, आपलं काम ट्रकचं, आपण या भानगडीत पडायचं नाही. कुणी त्यांना दोषही दिला नसता. त्यांच्या सख्ख्या भावाने तसंच सांगितलं. डॉक्टरी कामात हात घालू नकोस, एकदा निभावलं, पुढच्या वेळी पोलीस दारात येतील. ते ऐकून घेऊन सलाउद्दीनभाई दुसऱ्या दिवशी परत हॉस्पिटलात आले. माझ्याकडे नाही, तळमजल्यावर फिजिओथेरपीच्या खोलीत. तिथे स्वरदा म्हणून एक तरुण मुलगी होती, मला व्यायाम देणारी. तिला त्यांनी विचारलं, "माणूस बसतो म्हणजे कशावर बसतो?"

स्वरदा मला म्हणाली, "पाच वर्षं कॉलेजात काढली, हा प्रश्न असा कुणी विचारला नव्हता." तिने त्यांना सांगाडा दाखवला. बसायची दोन हाडं असतात, खुर्चीत सगळा भार त्या दोन टोकांवर येतो. निरोगी माणसं नकळत हलत राहतात म्हणून तिथलं रक्त चालू राहतं. सलाउद्दीनभाईंनी हे ऐकलं आणि दुकानात जाऊन पाहिलं. माझी मरून गादी लाकडी स्टुलावर ठेवली, घड्याळ समोर लावलं आणि ठरवलं, हलायचं नाही. अकराव्या मिनिटाला ते हलले. पुन्हा बसले, पुन्हा हलले. मग शिवणीवर नेमकं हाड ठेवून, दात आवळून पाऊण तास बसले. रात्री अनवरीभाभींनी पाहिलं तर तिथे लाल वळ उठला होता. "मला पाऊण तासात वळ आला," ते म्हणाले, "त्या साडेनऊ तास बसल्या."

जुलैत मी घरी आले. ऑगस्टमध्ये, गणपतीच्या आधी, एके दिवशी दोघं नवरा-बायको आमच्या दारात. हातात एक जड पाटी, वर ओलं फडकं. आई दाराआडूनच म्हणाली, "काय पाहिजे?" तिने त्यांना बसा म्हटलं नाही.

"शाडू माती आहे," सलाउद्दीनभाई म्हणाले. "ताईंनी फक्त दोन मिनिटं यावर बसायचं. वर प्लॅस्टिक घालतो. कपडे खराब होणार नाहीत."

मी आतून ओरडले, "माझ्यावर प्रयोग करायचे नाहीत."

"नाही ताई. आधी मीच बसलोय, ही बसलीय, आमची सासू बसलीय, गल्लीतले नऊ जण बसलेत. हे बघा." त्यांनी पिशवीतून वाळलेल्या मातीचे साचे काढून ओट्यावर ओळीने मांडले. प्रत्येकावर नाव लिहिलेलं. प्रत्येकात दोन खड्डे, पण कुणाचे जवळ, कुणाचे लांब, कुणाचा एक जास्त खोल. "बघा, एक दुसऱ्यासारखा नाही. आणि मी तुमचं माप कशावरून घेतलं? खुर्चीवरून. खुर्ची थोडीच बसते? माप माणसाचं घ्यायचं असतं. मला विचारायची लाज वाटली. माझ्या लाजेची जखम तुम्हाला झाली."

आई दारातून बाजूला झाली. त्यांना आत बोलावलं असं नाही, पण बाजूला झाली.

मी त्या दिवशी बसले नाही. त्यांनीही आग्रह केला नाही, साचे गोळा करून निघून गेले. पण ते मातीचे साचे माझ्या डोळ्यांसमोरून जाईनात. अपघातानंतर मला शेकडो लोक भेटले होते. कुणी देवाला साकडं घालायला सांगितलं, कुणी माझ्या धैर्याचं कौतुक केलं, कुणी रडलं. चूक करून गेल्यावर अभ्यास करून परत आलेला माणूस मी पहिल्यांदा पाहत होते. दसऱ्याच्या सुमारास मीच तनयला म्हटलं, "त्यांना फोन कर. मातीवर बसते म्हणावं."

तनयने तोंड वाकडं केलं, पण फोन केला.

माझं माप अनवरीभाभींनी घेतलं. सलाउद्दीनभाई बाहेर अंगणात थांबले. भाभींनी मला मातीवर बसवलं, उचललं, खड्ड्यांची खोली सुईने मोजली, आणि हाताने हाडं चाचपून बाहेर आकडे ओरडून सांगितले. त्या दिवसापासून हे काम दोघांचं झालं. बायकांची मापं भाभी घेतात. आणि खरं सांगायचं तर पुरुषांचीही चूक त्याच पकडतात.

आता सगळं सुरळीत झालं असेल असं वाटेल. तसं झालं नाही. दुसरी गादी पहिल्यापेक्षा वेगळ्या रीतीने फसली. त्यांना वाटलं, हवा सगळ्यात मऊ. सायकलच्या लहान ट्यूब कापून, चिकटवून, त्यांनी हवेच्या कप्प्यांची गादी केली. स्वतः आठ दिवस दुकानात तीच वापरली. कुठे वळ नाही, डाग नाही. खूश होऊन घेऊन आले. स्वरदाही मुद्दाम आली होती. मी बसले, समोरचा पेला घ्यायला हात पुढे केला आणि हवा एका बाजूला पळाली. मी डावीकडे कलंडले. स्वरदाने धरलं म्हणून खाली पडले नाही, पण कोपर दाराच्या चौकटीवर आपटलं.

आईने गादी उचलून अंगणात फेकली. "पुरे झालं," ती म्हणाली. "आता पुन्हा यायचं नाही."

सलाउद्दीनभाई गादी उचलायला वाकले आणि तसेच थांबले. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "मी कमरेच्या जोरावर बसत होतो. ताईंच्या कमरेला तो जोर नाही. मैंने फिर अपना ही नाप लिया." माझ्याकडे वळून म्हणाले, "तीच गलती ताई. दुसऱ्यांदा तीच. फक्त कपडे बदलून आली, म्हणून ओळखली नाही."

मी कोपर चोळत होते, दुखत होतं, तरी हे वाक्य मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं. वर्गात निबंध तपासताना मुलांना मी हेच कधीपासून सांगायचा प्रयत्न करत होते आणि मला ते असं सांगता आलं नव्हतं.

नंतर टाळेबंदी आली. रस्त्यावर गाड्याच नाहीत तर सीटा कोण शिवणार? गॅरेजांची सगळी रांग बंद. घरात दोघं नवरा-बायको, मुलगी जिया आणि फोमचे उरलेले तुकडे. सलाउद्दीनभाई म्हणतात, तेव्हा जेवढं शिकलो तेवढं आधीच्या वीस वर्षांत शिकलो नव्हतो. जिया तेव्हा नववीत होती. ती मोबाइलवर शोधून देशोदेशीच्या गाद्यांची चित्रं वडिलांना दाखवायची, इंग्रजीतलं समजावून सांगायची. स्वरदा व्हिडिओ कॉलवर असायची. खाली कडक फोम, म्हणजे तोल जात नाही. त्यात मातीच्या साच्यावरून दोन हाडांसाठी कोरलेली जागा. पुढचा भाग किंचित उंच, म्हणजे भार मांड्यांवर जातो. वर मऊ फोम. रेक्झिन बाद, कारण घाम धरतं. त्याऐवजी शाळेच्या दप्तराच्या पाठीला असतं तसं जाळीचं कापड. आणि बसायच्या जागेत शिवण नाही, एकही नाही. सगळ्या शिवणी बाजूला.

अशा सहा गाद्या त्यांनी केल्या आणि स्वतःच नापास केल्या. सातवी घेऊन ते सप्टेंबरात आले, तोंडाला मास्क, अंगणात लांब उभे. यावेळी गादीबरोबर आणखी एक वस्तू होती. मोटरसायकलचा आरसा, लांब सळईला वेल्ड केलेला.

"हे कशाला?" मी विचारलं.

"गादी चांगली आहे असं मी सांगणार नाही," ते म्हणाले. "मी पहिल्यांदाही तेच सांगितलं होतं. तुम्ही रोज रात्री आरशात बघायचं. तुमची पाठ बोलत नाही, तर तिला डोळ्यांनी विचारायचं. पहिल्या दिवशी अर्धा तास बसायचं, बघायचं. डाग नसेल तर दुसऱ्या दिवशी एक तास. मी रोज आठ वाजता फोन करणार."

आणि त्यांनी केला. एकवीस दिवस, आठाच्या ठोक्याला. "ताई, बघितलं?" "बघितलं, काही नाही." "डावीकडे?" "काही नाही." कधी मी कंटाळून न बघताच 'काही नाही' म्हणाले तर माझ्या आवाजावरून त्यांना कळायचं. म्हणायचे, "मी फोन धरतो, तुम्ही बघून या."

बाविसाव्या दिवशी फोन आईने उचलला. ती म्हणाली, "काही डाग नाही. रविवारी भाभींना आणि जियाला घेऊन जेवायला या."

त्या गादीवर मी चार वर्षांत तीनदा फोम बदलून घेतला आहे आणि मला पुन्हा जखम झालेली नाही.

हॉस्पिटलातून स्वरदा त्यांच्याकडे माणसं पाठवू लागली. येवल्याचे एक हातमागावरचे विणकर आले, पेठकडून एका आदिवासी मुलीला घेऊन तिचा बाप आला. नवीन माणूस दुकानात आला की सलाउद्दीनभाई आधी चहा सांगतात, आणि मग फळीवरून ती मरून गादी काढून त्याच्या पुढ्यात ठेवतात. "ही माझी पहिली," असं म्हणून काय झालं होतं ते सगळं सांगतात. माझं नाव घेऊ का, हे त्यांनी मला विचारलं होतं. मी म्हटलं, घ्या. काही लोक ते ऐकून उठून जातात. जाऊ देतात.

एकदा मी त्यांना विचारलं, "गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत हे कशाला? घाबरतात ना लोक."

ते म्हणाले, "घाबरलेला माणूस आरशात बघतो. विश्वास ठेवला की बघत नाही."

सोमनाथची गोष्ट सांगायलाच हवी. निफाडजवळचा, सव्वीस वर्षांचा, ट्रॅक्टरची ट्रॉली उलटून कंबर गेलेली. २०२२ मध्ये त्याची गादी केली आणि तिसऱ्याच दिवशी फोनवर तो म्हणाला, "भाई, डाग हाय. लय लाल नाय, पण हाय." साचा बरोबर होता, फोम बरोबर होता. सलाउद्दीनभाईंनी दुकानाचं शटर ओढलं आणि दोघं नवरा-बायको एसटीने निफाडला गेले. गादी उलटीसुलटी करून पाहिली. काही सापडेना. त्यांचा चेहरा उतरला. मग अनवरीभाभींनी सोमनाथच्या आईला विचारलं, "काल हा कुठली पँट घालून बसला होता?" दोरीवर जीन्स वाळत होती. भाभींनी मागचा खिसा उलटा केला. चार कोपऱ्यांना चार तांब्याचे कडक रिव्हेट, आणि आत मोटरसायकलची किल्ली.

"किल्ली कशाला रे ठेवतोस?" सलाउद्दीनभाईंनी विचारलं. "गाडी तर चालवत नाहीस."

सोमनाथ मान खाली घालून म्हणाला, "सवय हाय, भाई. खिशात नसली तं मोकळं मोकळं वाटतं."

अनवरीभाभींनी कात्री मागितली, मागचे खिसे उसवून काढले आणि तिथेच बसून तोच खिसा शर्टाला आतून छातीशी शिवून दिला. किल्ली त्यात घातली. तेव्हापासून गादीबरोबर भाभी प्रत्येकाच्या दोन पँटींचे मागचे खिसे काढून देतात. आणि नवीन गिऱ्हाइकाला विचारायच्या प्रश्नांचा त्यांनी एक कागद केला होता, त्यावर नवीन ओळ आली, 'मागच्या खिशात काय ठेवता?' तो कागद आता दोन पानी झाला आहे. त्यातली एकेक ओळ कुणाच्या ना कुणाच्या त्रासातून आलेली आहे.

सोमनाथ आज गावात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. दिवसाचे आठ तास बसतो.

परवा, म्हणजे दिवाळीनंतर, मी फोम बदलायला दुकानात गेले होते. तिथे मालेगावहून मुन्नाभाई म्हणून एक जण आले होते. चाळिशीचे, तेही सीटाच शिवणारे. त्यांच्या मोहल्ल्यात कुणीतरी सलाउद्दीनभाईंची गादी पाहून तशीच करून मागितली होती. मुन्नाभाईंनी नक्कल केली होती, पण द्यायच्या आधी दाखवायला घेऊन आले होते. सलाउद्दीनभाईंनी ती गादी हातात घेतली, दाबली, उलटली.

"चांगली शिवलीय," ते म्हणाले. "देऊ नका. माप कुणाचं आहे?"

"तुमच्याच गादीचं घेतलं."

सलाउद्दीनभाई हसले. माझ्याकडे पाहून हसले. मग स्टूल पुढे ओढून म्हणाले, "बसा. दोन दिवस राहा इथंच. सगळं सांगतो."

मुन्नाभाई बिचकले. धंद्यातली गोष्ट कुणी अशी उघडून दाखवत नाही. त्यांनी अंदाज घेत विचारलं, "भाई, आतापर्यंत किती केल्या?"

"दोनशेच्या वर."

"माशाल्ला. आणि बिघडल्या किती?"

मला वाटलं, सांगतील, दोन-चार असतील. त्यांनी हातातली सुई बाजूला ठेवली आणि बोटं मोजायला सुरुवात केली. पहिलं नाव माझं. मग पुन्हा माझंच, ट्यूबवालं. सिन्नरच्या काकांची, पुढचा उंचवटा जास्त झाला म्हणून पाय सुजले. सातपूरच्या बाईंची, वजन उतरलं आणि साचा जुना राहिला. प्रत्येकाचं नाव, गाव, काय झालं, का झालं. मुन्नाभाईंनी खिशातून वही काढली. एका हाताची बोटं संपली, दुसऱ्या हाताचीही संपली, मग पुन्हा पहिल्या हाताचा अंगठा.

"अकरा," सलाउद्दीनभाई म्हणाले.

आतून मशीन थांबल्याचा आवाज आला. अनवरीभाभींनी पडदा बाजूला केला. "बारा. ओझरचे मास्तर राहिले."

"त्यांना जखम कुठं झाली?"

"जखम नाही झाली. पण आपल्या गादीपायी सहा महिने त्यांना नीट झोप लागत नव्हती, आणि आपण विचारलं नव्हतं."

"हां," सलाउद्दीनभाई म्हणाले. "लिहा मुन्नाभाई. बारा."

मुन्नाभाईंनी लिहिलं, आणि वर पाहून विचारलं, "मास्तरांच्या गादीत काय चुकलं होतं?"